स्वार्थाच्या समोर कोण, परमार्थ की परार्थ?

प्रश्न असा आहे : नातवाने विरुद्धार्थी शब्दांत ‘स्वार्थ × परार्थ’ लिहिले, बाईंनी लाल काट मारून वर ‘परमार्थ’ लिहिले. बरोबर कोण?

व्युत्पत्तीला विचारा, ती नातवाची बाजू घेईल. रूढीला विचारा, ती बाईंची.

‘स्व’समोर ‘पर’ उभा राहतो : स्वकीय-परकीय, स्वाधीन-पराधीन. त्याच चालीवर स्वार्थ-परार्थ, म्हणजे आपले हित आणि दुसऱ्याचे हित. परमार्थातला शब्द ‘पर’ नसून ‘परम’ आहे. (परम हाही मुळात ‘पर’पासूनच निघालेला, पण तिथला ‘पर’ म्हणजे पलीकडचा, शेजारचा माणूस नव्हे.) सगळ्यांत वरचा, अखेरचा अर्थ तो परमार्थ. त्यात दुसऱ्याला काही देण्याघेण्याचा संबंधच नाही. ‘शाकुंतला’च्या दुसऱ्या अंकाच्या शेवटी दुष्यंत विदूषकाला सांगतो, ‘परिहासविजल्पितं सखे परमार्थेन न गृह्यतां वचः’. म्हणजे, गड्या, थट्टेत बोललो ते खरे धरू नकोस. इथे परमार्थ म्हणजे निव्वळ ‘खरे’. वेदान्तात पारमार्थिकासमोर व्यावहारिक येते. मराठीत रामदास ‘आधी प्रपंच करावा नेटका । मग घ्यावे परमार्थविवेका’ म्हणतात, तेव्हा परमार्थाची जोडी प्रपंचाशी लागते, स्वार्थाशी नव्हे.

स्वार्थ-परार्थ ही जोडी भर्तृहरीच्या नीतिशतकात चोख सापडते. स्वार्थ सोडून परार्थ साधणारे ते सत्पुरुष. आपल्या स्वार्थाला धक्का न लावता परार्थासाठी झटणारे ते सामान्य. स्वार्थासाठी दुसऱ्याचे हित मारणारे ते मनुष्यरूपी राक्षस. आणि काही कारण नसताना दुसऱ्याचे वाटोळे करणारे? ‘ते के न जानीमहे’, त्यांना काय म्हणावे आम्हाला ठाऊक नाही. मला यातली दुसरी पायरी फार आवडते. स्वार्थ आणि परार्थ एकाच घरात नांदू शकतात, हे इथे न लाजता मान्य केले आहे.

खरी गंमत भागवताच्या सातव्या स्कंधात आहे. प्रह्लाद बापाच्या दरबारात म्हणतो, ‘न ते विदुः स्वार्थगतिं हि विष्णुं’, बाहेरच्या गोष्टींनाच अर्थ समजणाऱ्यांना आपला खरा स्वार्थ विष्णूत आहे हे कळत नाही. म्हणजे इथे परमार्थ हाच स्वार्थ! पुढे हाच प्रह्लाद नृसिंहासमोर मुनींबद्दल तक्रार करतो : ते आपल्या मुक्तीच्या इच्छेने एकांतात मौन धरून बसतात, ‘न परार्थनिष्ठाः’, या दीनांना सोडून मला एकट्याला मुक्त व्हायचे नाही. आता बाईंची जोडी या मुनींना लावून बघा. ते परमार्थात पुरते बुडालेले आहेत, पण परार्थाचे नाव नाही. ‘स्वार्थ × परमार्थ’ मानले तर अशा माणसाला स्वार्थी म्हणण्याची सोयच भाषेत उरत नाही. म्हणून ही जोडी मला नुसती व्याकरणाला नव्हे, विचारालाही अडचणीची वाटते. देणाऱ्यालाही ती फसवते. गीतेच्या सतराव्या अध्यायात परतफेडीच्या किंवा फळाच्या आशेने दिलेले दान ‘राजस’ ठरवले आहे. पुण्याची नोंद व्हावी म्हणून हात सैल सोडणारा ‘परमार्थ केला’ म्हणतो, गीतेच्या लेखी मात्र तो सात्त्विक दानात बसत नाही.

मग मराठीत परमार्थाला परोपकाराचा वास लागला कसा? माझा अंदाज दुहेरी आहे. एक म्हणजे उच्चारातले साम्य. परार्थ हा पुस्तकी शब्द, परमार्थ कानावरचा, तेव्हा एकाची जागा दुसऱ्याने घेतली. दुसरे म्हणजे संत. ‘जे का रंजले गांजले’ त्यांना आपले म्हणणारा तोच साधू, असे तुकोबांनी ठणकावल्यावर देवाकडची वाट माणसांमधूनच जाऊ लागली. मग ‘तेवढाच स्वार्थ, तेवढाच परमार्थ’ असे कोणी म्हटले की आपण ‘स्वतःचे काम झाले, दुसऱ्याचेही भले झाले’ असाच अर्थ घेतो. हा अर्थ आता रुळला आहे, त्याला चूक म्हणून हाकलता येणार नाही.

वहीपुरते सांगायचे तर परीक्षेत ‘परमार्थ’ लिहू द्या, गुण जाणार नाहीत. पण बाई भेटल्याच, तर ‘परार्थ’वरची काट तेवढी काढायला सांगा, तो शब्द चुकलेला नव्हता.