पारव्याचे घुमणे आणि कवीचे दुःख

प्रश्न : बालकवींची ‘पारवा’ ही कविता वाचताना मनात आले, की पारवा म्हणजे खिन्नता, कावळा म्हणजे मृत्यू असे ठरलेले अर्थ धरून दुःखाची कविता वाचावी का?

उत्तर : तशी ती वाचू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रतीकांचा कोश हाताशी धरला की पक्षी दिसेनासा होतो आणि कविताही निसटते. पारवा घुमतो तो बहुधा मादीला साद घालण्यासाठी. त्या आवाजात मुळात दुःख नसते. मात्र पडक्या भिंतींची खबदाडे ही त्याची आवडती वस्ती, आणि एकच स्वर तो न थकता आळवत राहतो. बालकवी म्हणूनच आधी जागा उभी करतात (‘भिंत खचली, कलथून खांब गेला’) आणि मग त्या उद्ध्वस्त धर्मशाळेच्या कौलारावर पारव्याला बसवतात. वेळही कातर संध्याकाळची नव्हे, तर भर मध्यान्हीची आहे. सूर्य माथ्यावर आणि घार घिरट्या घालते आहे. इतक्या लख्ख उजेडात तो एकसुरी आवाज अधिकच जड वाटतो, हे कवीचे खरे कसब.

कावळ्याची गोष्ट आणखी बोलकी आहे. ‘पैल तो गे काऊ कोकताहे’ या ज्ञानेश्वरांच्या विरहिणीतली (विरहाच्या अभंगातली) स्त्री कावळ्याचे पाय सोन्याने मढवण्याचे आणि त्याला दहीभात भरवण्याचे कबूल करते, कारण पंढरीराऊ केव्हा घरी येतील हे तिला त्याच्याकडून ऐकायचे आहे. दहाव्याला पिंडाकडे डोळे लावून बसलेली माणसेही कावळ्याचीच वाट पाहतात. जो समोर नाही त्याचा निरोप कावळा आणतो, ही लोकमानसातली श्रद्धा दोन्हीकडे एकच असल्यामुळे विरहिणीतला कावळा मृत्यूचा नव्हे, आशेचा ठरतो.

निसर्ग दुःखिताबरोबर रडतोच असेही नाही. ज्ञानेश्वरांच्याच ‘घनु वाजे घुणघुणा’ या विरहिणीमध्ये चांदणे आणि चंदन नेहमीइतकेच सुखद आहेत, आणि कृष्णावाचून तेच नकोसे होतात. मनातली भावना अशी अधिक चेतवणाऱ्या गोष्टींना काव्यशास्त्रात उद्दीपन म्हणतात.

आता याच दृष्टीने बालकवींची ‘औदुंबर’ वाचून पाहावी. तिच्या आठ ओळींत दुःख हा शब्द कुठेही नाही, तरीही पाण्यात पाय टाकून बसलेल्या त्या झाडात अनेकांना औदासीन्य जाणवले आणि त्यावरून समीक्षकांत बरेच वादही झाले.