आधी गुडघा मोजा, मग चार्ट उघडा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा पावणेचार वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी (सीपी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसणं), जीएमएफसीएस या हालचालींच्या मोजपट्टीवर पातळी पाच, म्हणजे सर्वांत गंभीर, वजन 10.4 किलो. एका डॉक्टरांनी डब्ल्यूएचओच्या नेहमीच्या चार्टवर ठिपका देऊन 'वजन अतिशय कमी' लिहिलं. दुसऱ्यांनी सीपीच्या मुलांचा वेगळा चार्ट काढला आणि 'या मुलांत एवढं चालतं' म्हणून मोकळे झाले. आता खरं कुणाचं?

मी डॉक्टर नाही. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे, तिचीही पातळी पाचच, आणि तुमच्याच जागी मी सात वर्षांपूर्वी उभी होते. त्या अनुभवावरून सांगते: पहिल्या डॉक्टरांकडे परत जा. पण त्यांनीही एक गोष्ट केलेली दिसत नाही. तुमच्या अख्ख्या पोस्टमध्ये उंचीचा आकडाच नाही.

आधी तो सीपीचा चार्ट. 2011 साली कॅलिफोर्नियातल्या 25 हजारांहून जास्त सीपीच्या मुलांच्या नोंदींवरून तो तयार झाला, जीएमएफसीएस पातळीनुसार वेगवेगळा. काम मोठं आहे, शंका नाही. पण त्यात ही मुलं कशी वाढली ते आहे, कशी वाढायला हवी होती ते नाही. त्यातली कितीतरी मुलं मुळातच अर्धपोटी असणार. उपाशी मुलांच्या रांगेत आपलं मूल मधोमध उभं आहे, यात समाधान कसलं? त्याच अभ्यासात असंही दिसलं की पातळी तीन ते पाचच्या मुलांत त्या चार्टच्या विसाव्या पर्सेंटाइलखाली, म्हणजे शंभरातल्या सर्वांत हलक्या वीस मुलांत, वजन असेल तर मृत्यूचा धोका जास्त असतो. हे वाक्य 'चालतं' म्हणणाऱ्यांनी वाचलेलं नसतं. युरोपातल्या बाल-पोटविकार आणि पोषणतज्ज्ञांच्या संघटनेची, म्हणजे एस्पगनची, 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं तर स्पष्टच सांगतात की कुपोषण ओळखायला सीपीचे चार्ट वापरू नका.

आता उंची. आमची मुलगी चार वर्षांची असताना एका दवाखान्यात तिला टेबलावर आडवं करून टेप लावला, 87 सेंटिमीटर. पाच आठवड्यांनी तिथेच 84. मूल तीन सेंटिमीटरने आटलं आणि फाइलमध्ये ते कुणाला खटकलंही नाही! कारण साधं होतं. त्या दिवशी ती रडत होती, गुडघे आखडलेले, पाठ कमानीसारखी. टेपने मोजली ती तिची रड.

ज्या मुलाला सरळ उभं करता येत नाही, सरळ झोपवताही येत नाही, त्याचा एक सरळ तुकडा मोजायचा. गुडघ्याची उंची. मूल पाठीवर निजलेलं, पाय उचलून गुडघा काटकोनात, घोटाही काटकोनात. टाचेच्या तळापासून गुडघ्याच्या वाटीच्या किंचित वर, मांडीच्या सपाट भागापर्यंतचं अंतर. डाव्या-उजव्यात फरक असेल तर जो पाय कमी बाधित आहे तो घ्यायचा, आणि दर वेळी तोच. यासाठी सरकत्या दांडीचा कॅलिपर असतो. शिवणाचा टेप पोटरीच्या गोलाईवरून वळतो आणि आकडा फुगतो. दोन ते बारा वर्षांच्या सीपीच्या मुलांसाठी 1995 साली स्टीव्हन्सन या संशोधकांनी दिलेलं सूत्र आजही वापरतात: गुडघ्याची उंची गुणिले 2.69, अधिक 24.2. आमच्याकडे गुडघा 24 सेंटिमीटर भरला, म्हणजे उंची साधारण 88.8.

मात्र जपून. अर्धा सेंटिमीटर चुकलात तर उंचीत सव्वा सेंटिमीटरहून जास्त चूक. म्हणून तीनदा मोजून सरासरी. मोजताना दुसरं माणूस लागतंच. आमच्याकडे बाबा पाय धरतात आणि मी आकडा वाचते, कारण उलटं केलं की ते नेहमी थोडं जास्तच वाचतात.

वजनाचंही तसंच. मांडीवर घेऊन काट्यावर उभं राहायचं आणि स्वतःचं वजा करायचं, ठीक आहे. पण स्प्लिंट आणि बूट काढून, ओला डायपर बदलून, तोच काटा. बद्धकोष्ठता असेल तर तेही वहीत लिहा. चार दिवस शौचाला न झालेल्या मुलाचं 'वाढलेलं' वजन बघून मी एकदा पेढे वाटायच्या बेतात होते.

आणि वजन-उंची दोन्ही नीट मिळाली तरी गोष्ट अर्धीच. न वापरलेले स्नायू वाढत नाहीत, त्यांचं वजन कमीच भरतं. त्यामुळे वजन कमी दिसूनही अंगावर चरबी पुरेशी असू शकते, आणि वजन बरं दिसूनही नुसती चरबीच असू शकते. म्हणून दंडाच्या मागच्या बाजूची कातडी चिमटीत धरून कॅलिपरने तिची जाडी मोजायला सांगा. मुलीची तेव्हा 5 मिलिमीटर भरली, दहाव्या पर्सेंटाइलच्या खाली, आणि ते एस्पगनच्या यादीतलं धोक्याचं निशाण आहे. वजनाचा झेड-स्कोअर (सरासरीपासून किती दूर ते सांगणारा आकडा) उणे दोनच्या खाली जाणं, थंडगार निळसर हातपाय, दाबाच्या जागी जखमा, ही त्याच यादीतली. या मुलांची चरबी हातापायांपेक्षा धडावर जास्त साठते, म्हणून जाणकार आहारतज्ज्ञ पाठीवर, खांद्याच्या फऱ्याखालीही मोजतात आणि सीपीसाठी दुरुस्त केलेलं सूत्र लावतात. नुसत्या काडीसारख्या दंडाकडे बघून निवाडा करणारे पाहुणे सोडून द्या.

याची दुसरी बाजू आम्ही भोगली. सहाव्या वर्षी मुलीला अन्न देण्यासाठी पोटातून नळी बसवली. वजन भराभर वाढलं, सगळे खूश, मीही. वर्षाने आहारतज्ज्ञांनी चिमटी लावली तर चरबी भरपूर आणि वाढलेलं वजन बहुतेक तेवढंच. न चालणाऱ्या मुलाला ऊर्जा कमी लागते. तयार आहाराच्या डब्यावर वयानुसार दिलेल्या मापाने देत राहिलो तर असं होतं. कॅलरी उतरवल्या, प्रथिनं आणि जीवनसत्त्वं तशीच ठेवली.

तुम्ही लिहिलंय, 'जेवायला तसा वेळ लागतो'. किती? घड्याळ लावून तीन दिवस लिहा. एक जेवण अर्ध्या तासापलीकडे जात असेल तर तो लाडाचा किंवा हट्टाचा प्रश्न समजू नका, गिळण्याचा असू शकतो. घासानंतर आवाज ओला घरघरता होतो का, ठसका लागतो का, छातीचं इन्फेक्शन वारंवार होतं का, तेही लिहा. काही मुलांच्या श्वासनलिकेत अन्न जातं आणि खोकलासुद्धा येत नाही, म्हणून 'ठसका नाही' यावर थांबू नका. ऑक्सफर्डच्या 2000 सालच्या पाहणीत सीपीसारखे मेंदूचे विकार असलेल्या 64 टक्के मुलांच्या खाण्यापिण्याची आणि पोषणाची तपासणी कधीच झालेली नव्हती. पाच-सात तज्ज्ञ बघतात आणि प्रत्येकाला वाटतं, ते दुसऱ्याचं काम.

फिट्सचं औषध कोणतं चालू आहे ते लिहिलं नाहीत. टोपिरामेटने भूक मरते, व्हॅल्प्रोएटने वजन वाढू शकतं, आणि काही औषधांनी ड जीवनसत्त्व कमी होतं. औषध स्वतःहून मुळीच बंद करू नका, पण वजनाचा आलेख आणि औषध बदलल्याची तारीख एकाच पानावर ठेवा. मूल वेळेआधी जन्मलं असेल तर दोन वर्षांपर्यंतचे जुने ठिपके दुरुस्त वयाने, म्हणजे जितके आठवडे आधी जन्मलं तितके वजा करून, पुन्हा मांडून घ्या. कधीकधी 'घसरगुंडी' तिथेच नाहीशी होते. डोक्याचा घेर मात्र मेंदूच्या इजेमुळेच लहान असू शकतो, त्यावरून पोषण ठरवू नका.

दर सहा महिन्यांनी हे सगळं मोजायचं, रक्तातली लोह-जीवनसत्त्वं वर्षातून एकदा. तुमच्या मुलासाठी मात्र सहा महिने थांबू नका, या आठवड्यातच वेळ घ्या. आणि घोटा काटकोनात येतच नसेल, टाच वर ओढलेली असेल, तर गुडघ्याच्या उंचीचा नाद सोडा. नडगी मोजा: गुडघ्याच्या आतल्या बाजूला हाडाची वरची कड, तिथून आतल्या घोट्याच्या खालच्या टोकापर्यंत. इथे टेप चालतो. गुणिले 3.26, अधिक 30.8. आकडे आले की इथेच टाका, मी बघते.