आधी झोपेचे पाहा

तुमचे पत्र सावकाश वाचले. तुम्ही लिहिता, "पहाटे उठून ध्यान करते, कामात कुठे कमी पडत नाही, घरही नीट ठेवते, तरी संध्याकाळी मुलांवर विनाकारण खेकसते. आत शांतता नाही आणि बाहेर ताळमेळ नाही." ही तगमग खरी आहे. आपल्यासारख्या परदेशातल्या घरांत, जिथे हाताखाली कोणी नाही आणि अडीअडचणीला धावून येणारे माणूस विमानाच्या अंतरावर आहे, तिथे ती होणारच. पण त्याच पत्रात ओघात आलेले दुसरे एक वाक्य मला अधिक महत्त्वाचे वाटले : "मुले झोपल्यावर राहिलेले ईमेल उरकते, मग आईला फोन करते, आणि अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत साडेबारा होतात." पाचला तुम्ही ध्यानाला बसता, म्हणजे झोप जेमतेम साडेचार तास. प्रौढ माणसाला रात्री किमान 7 तास झोप हवी. रोज अडीच तास शरीराकडून हिसकावून घ्यायचे आणि वर मनाला शांत राहा म्हणायचे, हे ताई, मला पटत नाही.

माझ्या नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे की मी झोपेचा आग्रह सोडत नाही. अपुऱ्या झोपेमुळे मेंदूतला राग आणि भीती जागवणारा भाग चटकन पेटतो, आणि त्याला आवर घालणाऱ्या पुढच्या भागाची पकड सैल होते. तेव्हा मुलांवर ओरडता यात तुमच्या स्वभावाचा दोष शोधत बसू नका. पण झोप मोडणारा दिनक्रम तुम्हीच आखलेला आहे, हेही मान्य करा.

माझ्या धाकट्या जावेचे असेच चालले होते. रात्री अकराला ती ओट्यावर लॅपटॉप उघडून उभ्याउभ्याच काम करायची, फोन कान आणि खांदा यांच्यामध्ये धरलेला, आणि मोकळ्या हाताने मुलांच्या डब्यांची झाकणे लावणे चालू. तिने आईच्या फोनची वेळ सकाळची केली, कारण तेव्हा तिकडे संध्याकाळ असते. आई सुरुवातीला रुसल्या. मग तिकडच्या सकाळच्या धांदलीपेक्षा संध्याकाळची ही निवांत वेळ त्यांनाच आवडू लागली. "आई आता ओरडत नाही," असे माझी पुतणी मला आपणहून सांगून गेली, आणि त्यात ध्यानाचा काही वाटा नव्हता.

शरीरातले घड्याळ पेशींमध्ये कसे चालते, हे उलगडणाऱ्या संशोधनाला 2017चे नोबेल पारितोषिक मिळाले. हे घड्याळ प्रामुख्याने उजेडावर लागते : सकाळचा उजेड त्याला जागेवर आणतो, तर रात्रीचे प्रखर दिवे आणि फोन-लॅपटॉपचे पडदे झोपेची चाहूल देणारे मेलाटोनिन उशिरा स्रवायला लावतात. म्हणून उठण्याची वेळ सुट्टीच्या दिवशीही तीच ठेवा, उठल्यावर थोडा वेळ बाहेर उजेडात चाला, निजण्यापूर्वी तासभर दिवे मंद करा आणि फोन निजायच्या खोलीबाहेर ठेवा. दुपारनंतरची कॉफी बंद करा; शरीरातले तिचे कॅफीन निम्मे व्हायलाच सुमारे 5 तास लागतात. ईमेलचे म्हणाल, तर रात्री दहानंतर उत्तर दिले नाही म्हणून काही अडते का, ते आठवडाभर पाहा. आपण इथे आल्यावर स्वतःला सिद्ध करण्यासाठी लावून घेतलेली ही सवय आहे, आणि स्थिरावल्यावरही ती सुटत नाही, हे मी आमच्या घरातही पाहिले आहे.

ध्यानाची कोणती पद्धत बरी, असे विचारले आहे. जी जमेल ती. मात्र झोप पुरी होईपर्यंत पहाटेऐवजी संध्याकाळी दहा मिनिटे बसा. घराचा पसारा राहू द्या. यजमानांशी बोलणे कामांच्या याद्यांपुरतेच उरले आहे, तर त्यातली निम्मी यादी त्यांच्याकडे सोपवा आणि ती कशी पार पडते यावर देखरेख करू नका. नोकरी सोडावी का, हा निर्णय थकलेल्या डोक्याने मुळीच घेऊ नका.

महिनाभर पुरेसा वेळ अंथरुणात घालवूनही सकाळी अंग जड राहिले, किंवा तुम्ही मोठ्याने घोरता असे यजमान म्हणत असतील, तर डॉक्टरांना दाखवा. झोपेत श्वास अडखळणे, थायरॉईडची तक्रार आणि रक्ताची कमतरता या तिन्ही गोष्टी बायका थकवा म्हणून अंगावर काढतात. आईशी मात्र डॉक्टरांकडे जाण्याची वाट न पाहता येत्या शनिवारीच बोला, आणि फोनची नवी वेळ त्यांनाच ठरवू द्या.