भाड्याच्या घरातला गळका गीझर

प्रश्न : पुण्यात भाड्याने राहतो. घरमालकांनी बसवलेला गीझर आठवडाभर ठिबकतो आहे. खर्च कोणी करायचा?

उत्तर : खर्चाचे नंतर पाहू, आधी गीझरचे बटण आणि थंड पाण्याचा कॉक बंद करावा, कारण वायरिंगपाशी पाणी पोचल्यास विजेचा धक्का बसू शकतो. पाणी तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून पडणारे चार थेंब हा बिघाड नव्हे. परंतु तळाच्या झाकणाभोवती तांबूस ओघळ दिसत असतील, तर झाकणाखालचे रबरी गॅस्केट तरी गेले आहे किंवा (बोअरच्या जड पाण्याने असे पुष्कळदा होते) टाकीच गंजली आहे, आणि गंजलेल्या टाकीला एम-सील लावत बसणे व्यर्थ होय. करारात वेगळी अट नसल्यास जुनेपणामुळे आलेला हा खर्च मालकांकडे मागणे रास्त आहे. छायाचित्रांसह त्यांना लेखी कळवावे, भाड्यातून परस्पर वजावट मात्र करू नये.