पदकांच्या यादीमागची लढाई

प्रिय विद्यार्थीमित्रास,

स. न. वि. वि.

१९७१ च्या युद्धातील नौदलाच्या महावीर चक्र आणि वीर चक्र मानकऱ्यांची तुम्ही केलेली यादी दोनदा वाचली. मेहनत दिसते. पण काही नावांपुढे तुम्ही ‘तीन ठिकाणी जुळले, म्हणून बरोबर’ असा शेरा मारला आहे, त्यासाठीच हे पत्र. दुसऱ्याने पहिल्याचे उतरवून घेतलेले असते आणि तिसऱ्याने दुसऱ्याचे. मग तीन साक्षी म्हणून आपण ज्या मोजतो, ती प्रत्यक्षात एकाच माणसाची एकच चूक असू शकते. नोंद किती ठिकाणी सापडते हे मोजण्याआधी त्या नोंदी एकमेकींच्या आधारावाचून उभ्या राहतात का, ते पाहावे.

नावांपासून सुरुवात करा, कारण तेथे मराठी माणसाला एक फायदा आहे. मोहन नारायणराव सामंत हे नाव आपण वाचले की ‘नारायणराव’ हे वडिलांचे नाव असणार, असे आपल्याला न सांगता कळते. इंग्रजी कागदावर त्याच नावाचे ‘नारायण’ आणि ‘राव’ असे दोन तुकडे झाले, म्हणून कोठे ते ‘एम. एन. सामंत’ आहेत, तर कोठे ‘एम. एन. आर. सामंत’, आणि केवळ आद्याक्षरे जुळवणाऱ्याला ही दोन माणसे वाटू शकतात. याच्या उलट, के. पी. गोपाळ राव यांच्या नावातला ‘राव’ गाळला तर नावच बिघडते. सामंत यांच्या खुलना मोहिमेतील लीडिंग सीमन चिमण सिंग काही ठिकाणी ‘चिमण सिंग यादव’ म्हणून येतात, आणि कराची मोहिमेतील कमांडर बब्रुभान यादव यांच्याशी आडनावापुरती त्यांची गल्लत होऊ शकते. यावर उपाय एकच आहे: राजपत्रात जसे छापले आहे तसे नाव एका रकान्यात अक्षरशः ठेवावे आणि रूढ नाव शेजारच्या रकान्यात लिहावे. मूळ ‘सुधारून’ टाकू नये.

हुद्द्याचेही तसेच. माणूस पुढे बढती मिळवतो आणि नंतरचे लेखक त्याला आदराने नंतरचाच हुद्दा लावतात. तुम्हाला मात्र त्या लढाईच्या वेळचा हुद्दा हवा आहे. त्याबरोबर कोण कशाचा प्रमुख होता, हेही नीट मांडा. तुमच्या यादीत यादव हे ‘आयएनएस निर्घातचे कमांडर’ झाले आहेत. ते त्या नौकेवर होते, पण क्षेपणास्त्र नौकांच्या २५ व्या तुकडीचे प्रमुख म्हणून. निर्घातचे नेतृत्व लेफ्टनंट कमांडर इंद्रजित शर्मा यांच्याकडे होते आणि त्यांना वीर चक्र मिळाले. एका ओळीच्या घाईत दोन माणसांची कामगिरी एकाच्या नावावर जमा होते.

तारखांच्या बाबतीत माझी स्वतःची फजिती सांगतो. कराचीवरील हल्ल्याच्या, म्हणजे ट्रायडंट मोहिमेतील एका घटनेची तारीख एका टिपणात ४ डिसेंबर आणि दुसऱ्यात ५ डिसेंबर पाहून मी मोठ्या आत्मविश्वासाने पहिली खोडली. दोन्ही बरोबर होत्या. आपले घड्याळ पश्चिम पाकिस्तानच्या घड्याळापेक्षा अर्धा तास पुढे आहे, त्यामुळे आपल्याकडचे रात्रीचे सव्वाबारा म्हणजे कराचीतले आदल्या दिवसाचे पावणेबारा. ढाका आपल्याही अर्धा तास पुढे होते. मध्यरात्रीच्या आसपासची कोणतीही वेळ दिसली की ती कोणाच्या घड्याळातली, हे विचारल्याशिवाय पेन्सिल उचलू नका.

आता सर्वांत अवघड भाग. पदकासोबतची प्रशस्ती, म्हणजे सायटेशन, हा शौर्याचा पुरावा आहे, लढाईच्या निकालाचा नव्हे. ती लढाईनंतर थोड्याच काळात, आपल्याच बाजूला तेव्हा जे ठाऊक होते त्यावरून लिहिलेली असते. ३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री विशाखापट्टणमबाहेर पाकिस्तानची पाणबुडी गाझी बुडाली. आयएनएस राजपूतचे लेफ्टनंट कमांडर इंदर सिंग यांना वीर चक्र मिळाले. राजपूतने पाण्यात टाकलेल्या पाणबुडीविरोधी स्फोटकांनी (डेप्थ चार्ज) गाझी बुडाली, असे आपले म्हणणे आहे, तर ती अपघाती स्फोटाने गेली, असे पाकिस्तानचे. तुमच्या यादीत या दोन गोष्टींसाठी दोन रकाने हवेत. पदक दिले गेले ही निर्विवाद नोंद झाली. बुडण्याचे कारण ही वादाची नोंद झाली. एकीच्या भरवशावर दुसरी पक्की करता येत नाही, आणि दुसरीवर शंका घेतल्याने राजपूतवरच्या माणसांचे धैर्य उणे होत नाही. आपल्या खुकरी या युद्धनौकेच्या बाबतीत असा पेच नाही: ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळच्या समुद्रात तिला पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीने बुडवले, हे दोन्ही बाजूंना मान्य आहे, आणि हंगोरचे कमांडर अहमद तस्नीम यांना त्यांच्या देशाने सितारा-ए-जुरत हे शौर्यपदक दिले. प्रतिपक्षाचे कागद वाचायला संकोचू नका. जेथे ते जुळतात, तेथेच आपली नोंद खरी भक्कम होते.

चिमण सिंग यांच्याकडे परत येतो, कारण त्यांच्याबद्दल तुम्ही लिहिलेला ‘शत्रूच्या विमानांचा हल्ला’ हा शब्दप्रयोग बदलावा लागेल. १० डिसेंबरला पूर्व पाकिस्तानातील खुलन्याजवळ पद्मा आणि पलाश या बांगलादेशी मुक्तिवाहिनीच्या नौका बुडाल्या त्या आपल्याच हवाई दलाच्या विमानांच्या चुकीच्या माऱ्याने. पाण्यात पडलेल्यांवर किनाऱ्यावरून गोळीबार करणारा मात्र शत्रूच होता, आणि त्या गोळीबारात जखमी अवस्थेत चिमण सिंग यांनी जे केले त्यासाठी त्यांना महावीर चक्र मिळाले. त्याच दिवशी पलाशवरचे रुहुल अमीन यांनी प्राण गमावले. बांगलादेशाने त्यांना बीरश्रेष्ठ हा सर्वोच्च सन्मान दिला. म्हणजे एकाच प्रसंगाची कागदपत्रे तीन देशांत आहेत. तुम्हाला बंगाली येत नसेल, तर येणारा कोणी शोधा.

पुढच्या खेपेस प्रत्येक नोंदीपुढे ती तुम्ही स्वतः कोणत्या कागदावर पाहिली, हे लिहून पाठवा. न पाहिलेल्या नोंदी रिकाम्या सोडल्यात तरी चालेल. खुकरीवर गेलेले १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक यांची यादी वेगळी ठेवा, ती पदकांच्या यादीत मिसळू नका. खुकरीचे प्रमुख कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांचे नाव दोन्हींत येईल, आणि ते तसेच यायला हवे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक जुना नोंदवाचक