वाचकांचे प्रश्न : डेल्टिक इंजिनातील एक क्रँकशाफ्ट उलटा का फिरतो?

प्रश्न : मी यंत्र अभियांत्रिकी पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. समोरासमोर पिस्टन असलेल्या इंजिनांविषयी वाचत असताना इंग्लंडमधील नेपियर कंपनीच्या ‘डेल्टिक’ या त्रिकोणी डिझेल इंजिनाची आकृती पाहण्यात आली. त्यात तीन कोपऱ्यांवर तीन क्रँकशाफ्ट (पिस्टनच्या पुढे-मागे हालचालीने फिरणारे दांडे) असून दोन एका दिशेने आणि तिसरा उलट दिशेने फिरताना दाखवला आहे. तिन्ही एकाच दिशेने फिरवले असते तर काय बिघडले असते? आणि त्रिकोणाचा एवढा खटाटोप मुळात कशासाठी केला?
– एक विद्यार्थी, कराड

उत्तर : आपला प्रश्न या इंजिनाच्या नेमक्या मर्मावर बोट ठेवणारा आहे. डेल्टिकचे वर्णन करणारे पुष्कळ लेख ‘एक क्रँकशाफ्ट उलटा फिरतो’ एवढे सांगून पुढे जातात. पण ते का, हे कागद-पेन्सिल घेऊन कोणालाही पडताळून पाहता येते आणि ते पडताळण्यात खरा आनंद आहे. म्हणून उत्तर थोडे विस्ताराने देत आहोत.

प्रथम समोरासमोरच्या पिस्टनांचे तत्त्व पाहू. नेहमीच्या इंजिनात सिलिंडरचे एक तोंड हेडने बंद केलेले असते आणि त्या हेडमध्ये व्हॉल्व्ह असतात. येथे हेडच नसते. एकाच नळीत दोन पिस्टन दोन्ही टोकांकडून एकमेकांकडे येतात, मधली हवा दाबून तापवतात, त्या हवेत डिझेलचा फवारा मारला जातो आणि जळालेला वायू दोन्ही पिस्टनांना बाहेर रेटतो. सिलिंडरच्या भिंतीत दोन्ही टोकांजवळ खिडक्या कापलेल्या असतात. एका टोकाच्या खिडक्यांतून ताजी हवा आत येते, दुसऱ्या टोकाच्या खिडक्यांतून जळका वायू बाहेर जातो, आणि या खिडक्या उघडण्या-मिटण्याचे काम पिस्टन स्वतःच करतात. इंजिन टू-स्ट्रोक असल्यामुळे क्रँकशाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला प्रत्येक सिलिंडरमध्ये एकदा ज्वलन होते. हवा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरळ वाहत असल्यामुळे जळका वायू कोपऱ्यात साचून राहत नाही. हेड नसल्यामुळे त्यातून वाया जाणारी उष्णताही वाचते.

आणखी एक फायदा सहज लक्षात येत नाही. डेल्टिकच्या सिलिंडरचा व्यास सुमारे १३० मि.मी. आणि प्रत्येक पिस्टनचा स्ट्रोक (एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची धाव) सुमारे १८४ मि.मी. होता. दोन्ही पिस्टन मिळून ३६८ मि.मी. स्ट्रोकचे काम करतात. मिनिटाला १५०० फेऱ्यांच्या वेगाला प्रत्येक पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला सव्वानऊ मीटरच्या आसपास राहतो. हेच काम एकट्या पिस्टनकडून करून घ्यायचे म्हटले, तर त्याला सेकंदाला अठरा मीटरहून अधिक वेगाने धावावे लागले असते, आणि त्या काळच्या डिझेल पिस्टनला आणि त्याच्या रिंगांना ते मुळीच झेपले नसते.

आता आपल्या प्रश्नाच्या गाभ्याकडे येऊ. दोन्ही पिस्टन अगदी एकाच क्षणी मध्यावर आले, तर हवेच्या खिडक्या आणि धुराच्या खिडक्या यांच्या वेळांवर नियंत्रण ठेवणे कठीण होते. धुराच्या खिडक्या आधी उघडल्या पाहिजेत, म्हणजे आतला दाब उतरेल आणि जळका वायू हवेच्या वाटेने मागे घुसणार नाही. मिटतानाही त्याच आधी मिटल्या पाहिजेत, म्हणजे ब्लोअरने ढकललेली ताजी हवा शेवटच्या क्षणी सिलिंडरमध्ये ठासून भरता येईल. यासाठी धुराच्या बाजूचा पिस्टन हवेच्या बाजूच्या पिस्टनच्या थोडा पुढे ठेवतात. डेल्टिकमध्ये ही आघाडी २० अंशांची होती.

दोन क्रँकशाफ्टच्या इंजिनात अशी आघाडी ठेवणे सोपे असते. दोन्ही शाफ्ट गिअरने जोडताना एकाला तेवढे अंश पुढे सरकवून ठेवले की काम झाले. जर्मनीतील युंकर्स कंपनीच्या ‘युमो २०५’ या विमानाच्या डिझेल इंजिनात वर एक आणि खाली एक असे दोन क्रँकशाफ्ट, सहा सिलिंडर आणि बारा पिस्टन होते. नेपियरने युद्धापूर्वी युंकर्सकडून या इंजिनांचा परवाना घेतलेला होता, त्यामुळे ही विद्या त्यांना नवीन नव्हती. त्रिकोणात मात्र प्रत्येक क्रँकशाफ्ट दोन सिलिंडरांशी बांधलेला असतो, आणि एकाची आघाडी बदलली की शेजारच्या सिलिंडरचा हिशेब बिघडतो.

हा हिशेब असा मांडून पाहा. त्रिकोणाच्या कोपऱ्यांना क, ख, ग म्हणा. कख, खग आणि गक या तीन भुजांवर तीन सिलिंडर आहेत. क वरच्या क्रँकपिनला (शाफ्टच्या मध्यापासून बाजूला असलेल्या, पिस्टन जोडण्याच्या खुंटीला) कख सिलिंडरमधला धुराकडचा पिस्टन आणि गक सिलिंडरमधला हवेकडचा पिस्टन, असे दोन पिस्टन जोडलेले आहेत. ख आणि ग येथेही तीच रचना, म्हणजे प्रत्येक पिनवर एक धुराचा आणि एक हवेचा पिस्टन. फिरणारी पिन ज्या क्षणी एखाद्या भुजेच्या दिशेने रोखली जाते, त्या क्षणी त्या भुजेवरचा तिचा पिस्टन सर्वांत आत पोहोचतो. दोन भुजांमध्ये ६० अंशांचा कोन असल्यामुळे पिनचे दोन पिस्टन ६० अंशांच्या अंतराने आत पोहोचतात, आणि त्यांपैकी आधी कोणता, हे शाफ्टच्या फिरण्याच्या दिशेवर ठरते.

समजा तिन्ही शाफ्ट एकाच दिशेने फिरत आहेत आणि प्रत्येक पिन आधी आपल्या धुराच्या पिस्टनला आणि ६० अंशांनंतर हवेच्या पिस्टनला आत नेते. क चा धुराचा पिस्टन आत पोहोचला तो क्षण शून्य धरा. सिलिंडरमधली आघाडी जेवढी असेल तेवढ्या अंशांनी ख चा हवेचा पिस्टन आत येईल. पण ख चा धुराचा पिस्टन त्याच्या ६० अंश आधीच येऊन गेलेला असेल. तेथून पुन्हा आघाडीएवढे पुढे जाऊन ग चा हवेचा पिस्टन, ६० अंश मागे जाऊन ग चा धुराचा पिस्टन, पुन्हा आघाडीएवढे पुढे जाऊन क चा हवेचा पिस्टन आणि ६० अंश मागे जाऊन क चा धुराचा पिस्टन. आपण निघालो तेथेच परत आलो, म्हणून बेरीज शून्य आली पाहिजे. तीन आघाड्यांची बेरीज वजा १८० बरोबर शून्य. म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये आघाडी ६० अंशच येणार. शाफ्ट एकमेकांच्या संदर्भात कसेही सरकवले तरी तिन्ही सिलिंडर सारखे ठेवून ती कमी करता येत नाही. एवढ्या आघाडीने धुराच्या खिडक्या फार लवकर उघडतील आणि ताकद देणारा दाब निम्म्या वाटेवर वाया जाईल. शिवाय धुराच्या खिडक्या मिटल्यानंतरही हवेच्या खिडक्या बराच वेळ उघड्या राहून आत आलेली हवा पुन्हा बाहेर ढकलली जाईल.

आता एकच शाफ्ट उलट फिरवा. त्या कोपऱ्यावर क्रम उलटतो : हवेचा पिस्टन आधी आणि धुराचा ६० अंशांनंतर. म्हणून त्या कोपऱ्यावर ६० वजा करण्याऐवजी मिळवावे लागतात. तीन आघाड्यांची बेरीज वजा ६०, वजा ६०, अधिक ६०, बरोबर शून्य. म्हणजे तिघांची मिळून ६०, आणि प्रत्येकाची २० अंश. जी आघाडी हवी होती, नेमकी तीच भूमितीने हातात ठेवली. आम्हाला स्वतःला यंत्रशास्त्रातील इतके देखणे उत्तर क्वचितच भेटले आहे.

ही युक्ती ब्रिटिश नौदलाच्या अभियांत्रिकी प्रयोगशाळेतील आरेखक हर्बर्ट पेनवॉर्डन यांनी सुचवली. शाफ्ट उलटा फिरवण्यासाठी वेगळी यंत्रणाही उभारावी लागली नाही. तिन्ही शाफ्टची शक्ती एका टोकाच्या गिअरपेटीत एकत्र आणायची होतीच. तेथे एका शाफ्टच्या गिअरमालिकेत एक चाक कमी किंवा अधिक केले की दिशा बदलते.

या मांडणीचे आणखी दोन गुण सांगण्यासारखे आहेत. आघाडीवर असलेला धुराचा पिस्टन मागच्या पिस्टनपेक्षा अधिक शक्ती देतो, त्यामुळे दोन शाफ्टच्या इंजिनात एका शाफ्टवर जास्त भार पडतो. डेल्टिकमध्ये प्रत्येक शाफ्टवर धुराचे आणि हवेचे पिस्टन सारख्याच संख्येने असल्यामुळे तिघांवर समान भार येतो. दुसरे असे की त्रिकोणांच्या सहा ओळी एकामागे एक लावून १८ सिलिंडर आणि ३६ पिस्टन होत असत, आणि दर २० अंशांना एक ज्वलन होत असे, त्यामुळे इंजिन अतिशय एकसारखे चाले. पिस्टनला पिनशी जोडणारे दोन कनेक्टिंग रॉड एकाच पिनवर बसवण्यासाठी एकाचे टोक दुबेळक्यासारखे असे आणि दुसऱ्याचे टोक त्या फटीत बसे.

खटाटोपाचे कारण युद्धात आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश टॉर्पेडो बोटी पेट्रोलवर चालत आणि गोळी लागली की पेट घेत. जर्मनांच्या तशाच बोटींत डिझेल इंजिने होती. म्हणून १९४३ मध्ये ब्रिटिश नौदलाने हलक्या आणि शक्तिशाली डिझेल इंजिनासाठी समिती नेमली, १९४६ मध्ये काम नेपियरची मालक असलेल्या इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनीकडे गेले आणि १९५० मध्ये पहिले इंजिन उभे राहिले. नौदलाच्या सुरुवातीच्या आवृत्तीची कमाल शक्ती २५०० अश्वशक्ती होती. तिसरा क्रँकशाफ्ट घेण्याचा मुख्य लाभ वजनात होता : वेगवेगळी तीन इंजिने केली असती तर सहा शाफ्ट लागले असते, त्याऐवजी तीन पुरले, आणि मधली पोकळ जागा वाया न जाता इंजिन आटोपशीर झाले.

प्रश्न : एवढे उत्तम इंजिन होते, तर ते रेल्वेतून का गेले? आपल्याकडे असे इंजिन कधी चालले का?
– रेल्वेतून निवृत्त झालेले एक वाचक, पुणे

उत्तर : आधी ते रेल्वेत आले कसे, ते पाहिले पाहिजे. इंग्लिश इलेक्ट्रिकने १९५५ मध्ये दोन डेल्टिक इंजिने बसवून ३३०० अश्वशक्तीचे प्रायोगिक लोकोमोटिव्ह बांधले, आणि पुढे १९६१-६२ मध्ये लंडन ते एडिंबरा या पूर्व किनाऱ्याच्या मार्गासाठी तशी २२ लोकोमोटिव्ह दाखल झाली. त्यांचे वजन सुमारे १०० टन होते. त्याच कंपनीचे, त्याच सुमाराचे २००० अश्वशक्तीचे डिझेल लोकोमोटिव्ह १३३ टनांचे होते. हे दोन आकडे शेजारी ठेवले की डेल्टिकचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. ताशी १६० किलोमीटरने ती नियमित धावत आणि १९६२ पासून ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ ही गाडी लंडनहून एडिंबराला सहा तासांत पोहोचू लागली.

पण ही शक्ती देखभालीची किंमत देऊन मिळवलेली होती. ३६ पिस्टन, तीन शाफ्ट आणि गिअरपेटी एवढ्या दाटीने बसवलेली की शेडमध्ये फारशी दुरुस्ती करता येत नसे. संपूर्ण इंजिन उतरवून कारखान्यात पाठवायचे आणि तयार ठेवलेले दुसरे चढवायचे, ही पद्धत ठेवावी लागली. नौदलाला ती सोयीची होती, कारण बोट थोडेच तास पूर्ण शक्तीने धावते. रेल्वेला मात्र इंजिन दिवसेंदिवस पूर्ण भारावर हवे असते. खिडक्या असलेल्या सिलिंडरांतून तेलही झिरपते. इंजिन बराच वेळ संथ चालले की ते धुराच्या नळ्यांत साचे आणि इंजिन जोराने चालवताच दाट धूर निघे, प्रसंगी आगही लागे. अर्ध्या आकाराचे, नऊ सिलिंडरांचे इंजिन बसवलेली दहा ‘बेबी डेल्टिक’ लोकोमोटिव्ह तर सततच्या बिघाडांमुळे १९७१ पर्यंत सेवेतून गेली.

आमच्या मते मोठ्या डेल्टिकला मात्र बिघाडांनी हरवले नाही. १९७८ मध्ये त्या मार्गावर दोन्ही टोकांना २२५० अश्वशक्तीचे एकेक इंजिन असलेल्या हायस्पीड गाड्या आल्या आणि त्यांतली इंजिने साध्या व्ही आकाराची, फोर-स्ट्रोक, टर्बोचार्जर (बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरून हवा आत दाबणारा पंखा) असलेली होती. वीस वर्षांत टर्बोचार्जर एवढा सुधारला की हलक्या वजनात शक्ती मिळवण्यासाठी त्रिकोणाची गरज उरली नाही. शेवटची डेल्टिक गाडी २ जानेवारी १९८२ रोजी धावली. समुद्रावर ती पुढेही बराच काळ टिकली. ब्रिटिश नौदलाच्या ‘हंट’ वर्गाच्या सुरुंगशोधक नौकांत नऊ सिलिंडरांची डेल्टिक इंजिने होती. न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलानेही १९६५ मध्ये आपल्या प्रचंड पंपगाडीसाठी हेच इंजिन निवडले होते.

आपल्याकडच्या डिझेल लोकोमोटिव्हचा वंश वेगळा आहे. आपण ज्यांच्यासोबत नोकरी केली असेल ती डब्ल्यूडीएम-२ अमेरिकेतील अल्को कंपनीच्या घराण्यातली, सोळा सिलिंडरांची फोर-स्ट्रोक. नंतर आलेल्या डब्ल्यूडीजी-४ मध्ये जनरल मोटर्स घराण्याचे इंजिन आहे. ते टू-स्ट्रोक आहे, त्यात हवा खालच्या खिडक्यांतून सरळ वर जाते, म्हणजे वाहण्याचे तत्त्व डेल्टिकचेच. मात्र वरच्या टोकाला दुसऱ्या पिस्टनऐवजी हेड आणि धुराचे व्हॉल्व्ह आहेत. व्हॉल्व्हची वेळ कॅमने हवी तशी ठरवता येत असल्यामुळे वर सांगितलेला ६० आणि २० अंशांचा हिशेब तेथे करावाच लागत नाही.