लेस्टर सिटीच्या प्रीमियर लीग जेतेपदाहून मोठा पराक्रम इंग्लिश फुटबॉलमध्ये झाला आहे का? आणि तसं काही पुन्हा घडेल का?

धक्क्यापुरतं बोलायचं तर लेस्टरला तोड नाही. 2015-16 चा हंगाम सुरू होताना सट्टेवाल्यांनी त्यांच्या जेतेपदाला एकास पाच हजार असा भाव दिला होता, आणि आदल्या वर्षी हाच संघ कित्येक आठवडे तळाला पडून होता. पण तुम्ही पराक्रम विचारलाय, धक्का नाही. त्यामुळे माझं उत्तर नॉटिंगहॅम फॉरेस्ट, हंगाम 1977-78. दुसऱ्या श्रेणीतून नुकताच वर आलेला हा संघ त्याच वर्षी इंग्लंडचा विजेता झाला. लोक याला चमत्कार म्हणतात. मला ते पटत नाही, कारण हे कसं घडलं ते माणसांची नावं घेऊन सांगता येतं.

नॉटिंगहॅम आपल्याला माहीत असतं ते क्रिकेटमुळे. 2007 मध्ये फलंदाजीला आल्यावर खेळपट्टीवर जेली बीन्सच्या गोळ्या टाकून इंग्लिश खेळाडूंनी डिवचलेल्या आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खाननं सामन्यात नऊ बळी घेतले, ते ट्रेंट ब्रिज मैदान याच शहरातलं. तिथून हाकेच्या अंतरावर, ट्रेंट नदीच्या अगदी काठाला, फॉरेस्टचं सिटी ग्राउंड आहे. क्लब 1865 सालचा. एफए कप, म्हणजे इंग्लंडची जुनी बाद स्पर्धा, दोनदा जिंकलेला, 1898 आणि 1959 मध्ये, पण लीग, म्हणजे अव्वल श्रेणीचं जेतेपद, कधीच नाही. जानेवारी 1975 मध्ये ब्रायन क्लफनं व्यवस्थापक म्हणून सूत्रं घेतली तेव्हा संघ दुसऱ्या श्रेणीच्या मध्यावर कुठेतरी रेंगाळत होता. ना वर जायची आशा, ना कुणाला फार काळजी.

क्लफची स्वतःची अवस्थाही काही चांगली नव्हती. 1972 मध्ये त्यानं डर्बी काउंटीला लीग जिंकून दिली होती, पण पुढं तिथं वाजलं, आणि 1974 मध्ये लीड्स युनायटेडनं त्याला 44 दिवसांत घरी पाठवलं. डर्बी आणि नॉटिंगहॅम ही शेजारी शहरं, जेमतेम पंचवीस किलोमीटरचं अंतर. मी कोल्हापूरचा, त्यामुळे दोन शेजारच्या तालमींचे संघ समोरासमोर आले की काय होतं ते मला कुणी समजावून सांगायला नको. डर्बीनं डोक्यावर घेतलेला माणूस फॉरेस्टच्या बाकावर येऊन बसला, ही गोष्ट दोन्हीकडच्या लोकांना पचायला वेळ लागला असणार.

पहिलं दीड वर्ष क्लफ एकटा होता आणि फार काही हललं नाही. जुलै 1976 मध्ये त्याचा जुना जोडीदार पीटर टेलर आला, आणि तिथून गाडी रुळावर आली. टेलरची नजर खेळाडू हेरायची. एखादा माणूस सध्या कसा खेळतोय यापेक्षा तो कुठं उभा केला तर खेळेल, हे त्याला दिसायचं. क्लफचं नाव जगभर झालं, टेलरचं तेवढं नाही. माझ्या मते हा अन्याय आहे. दोघांपैकी एकाला वजा केलं तर ही गोष्ट उरतच नाही.

वर चढणंही काही दिमाखात झालं नाही. 1976-77 मध्ये फॉरेस्ट 52 गुणांवर तिसरे आले, वुल्व्ह्ज आणि चेल्सीच्या मागे, म्हणजे वर जाणाऱ्या तिघांत शेवटचे. स्वतःचे सामने संपवून मंडळी सुट्टीसाठी मायोर्काच्या विमानात बसली होती. तिकडे त्याच जागेच्या शर्यतीतले बोल्टन वुल्व्ह्जकडून हरले आणि फॉरेस्टची जागा पक्की झाली, ही बातमी त्यांना हवेतच कळली. असा संघ पुढच्या वर्षी खाली न घसरता टिकला तरी लोकांनी पेढे वाटले असते.

आता माणसं बघा.

केनी बर्न्स बर्मिंगहॅममध्ये आघाडीला खेळून गोल मारायचा, पण पिणं, जुगार, मारामाऱ्या अशी त्याची ख्याती. क्लफला तो नकोच होता. असं सांगतात की टेलर वेश बदलून कुत्र्यांच्या शर्यतींना जायचा आणि बर्न्स खरंच किती पैसे उधळतो ते लांबून बघायचा. खात्री पटल्यावर त्याला घेतलं आणि उभं केलं ते थेट मध्यबचावात. त्याच हंगामाच्या शेवटी फुटबॉल पत्रकारांनी त्याला वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू ठरवलं! त्याच्या शेजारी लॅरी लॉइड. हा एकेकाळी लिव्हरपूलमध्ये खेळलेला, नंतर कॉव्हेंट्रीत बाजूला पडलेला दांडगा बचावपटू. उजवीकडे विव्ह अँडरसन, नॉटिंगहॅमचाच पोरगा. तेव्हाच्या मैदानांवर प्रेक्षक त्याच्यावर केळी फेकत. नोव्हेंबर 1978 मध्ये तो इंग्लंडच्या मुख्य संघाकडून खेळणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू झाला.

डावीकडचा फ्रँक क्लार्क न्यूकॅसलनं फुकट सोडलेला, तिशी ओलांडलेला. कर्णधार जॉन मॅकगव्हर्न क्लफच्या मागे हार्टलपूल, डर्बी, लीड्स असा फिरत आलेला. त्याची पळण्याची लकब बघून लोक हसायचे, पण चेंडू त्याच्याकडून सहसा वाया जात नसे.

आणि जॉन रॉबर्टसन. या एका माणसासाठी मी दुप्पट लिहू शकतो. स्कॉटलंडचा, पोट सुटलेला, सिगारेट ओढणारा, पळायला मंद. क्लफ आला तेव्हा तो क्लबच्या विक्रीच्या यादीत होता. टेलरनं त्याला वजनावरून चांगलं झापलं, मग मधल्या फळीतून काढून डाव्या बगलेला नेऊन ठेवलं. त्यानंतर संघाचं निम्मं डावपेचशास्त्र म्हणजे चेंडू रॉबर्टसनच्या पायाशी पोचवणं. वेग नसलेला विंगर ही कल्पनाच विचित्र वाटते, पण समोरच्याला अर्ध्या पावलानं चकवून तो बगलेतून गोलसमोर असा क्रॉस द्यायचा की पुढच्यानं फक्त डोकं लावायचं. पुढं पीटर विद आणि टोनी वुडकॉक ही जोडी होती.

इथं एक गैरसमज खोडायला हवा. फॉरेस्ट गरीब होते, टाकाऊतून टिकाऊ केलं, असं सरसकट लिहिलं जातं. अर्धंच खरं. सप्टेंबर 1977 मध्ये आर्सेनलकडून 3-0 असा मार खाल्ल्यावर क्लफनं पीटर शिल्टनला स्टोककडून आणलं, ते अडीच लाख पौंडांच्या घरात. तेव्हा एका गोलकीपरसाठी ही रक्कम डोळे पांढरे करणारी होती, आणि फॉरेस्टचा कारभार बघत होती एक समिती, संचालक मंडळसुद्धा नाही. पण क्लफचा हिशोब साधा होता. चांगला गोली वर्षाला जितके गुण वाचवतो तितके आघाडीचा खेळाडू मिळवून देत नाही. त्याच महिन्यात डर्बीकडून आर्ची गेमिल आला, थोडे पैसे आणि बदल्यात आपला जुना गोली जॉन मिडलटन देऊन. शेजाऱ्यानं आपला हुकमी माणूस असा सोडावा, याचं मला आजही नवल वाटतं.

सरावाबद्दल मोठं गुपित शोधू नका. फळ्यावर खडूनं बाण काढणं क्लफला आवडत नसे. भरपूर विश्रांती, ट्रेंटच्या काठानं चालणं, छोट्या मैदानावरचे सामने. चेंडू जमिनीवरून द्या, आपली जागा सोडू नका, पंचाशी हुज्जत घालायची नाही. ही शेवटची अट तो फार कडक पाळायचा. प्रत्येकाला एकच काम, जे त्याला झोपेतही जमेल असं.

मग आकडे आपोआप आले. 42 सामने, 25 विजय, 14 बरोबरी, 3 पराभव. आर्सेनल, चेल्सी, लीड्स, तिन्ही परक्या मैदानांवर. घरी एकही हार नाही. खाल्लेले गोल फक्त 24. डिसेंबरमध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेडला 4-0 असं धुतलं, तेव्हा 'हे नाताळानंतर गळपटतील' म्हणणाऱ्यांची तोंडं बंद झाली. एप्रिलच्या 22 तारखेला कॉव्हेंट्रीत 0-0 अशी बरोबरी झाली आणि चार सामने शिल्लक असतानाच लीग हातात आली. त्या सामन्यात मिक फर्ग्युसनचा हेडर शिल्टननं ज्या प्रकारे अडवला तो कुठं बघायला मिळाला तर जरूर बघा. अडीच लाखांचा हिशोब तिथंच चुकता झाला.

दुसऱ्या क्रमांकावरचं लिव्हरपूल सात गुण मागे होतं, आणि तेव्हा एका विजयाला दोनच गुण मिळायचे. हे तेच लिव्हरपूल, जे त्याच वसंतात सलग दुसऱ्यांदा युरोपियन कप, म्हणजे आजची चॅम्पियन्स लीग, जिंकलं. लीग कप या दुसऱ्या बाद स्पर्धेच्या अंतिम सामन्यातही फॉरेस्टनं त्यांनाच हरवलं. वेम्ब्लीत 0-0, मग ओल्ड ट्रॅफर्डवरच्या फेरसामन्यात रॉबर्टसनच्या पेनल्टीवर 1-0. ती पेनल्टी वादग्रस्त होती, कारण फॉरेस्टच्या जॉन ओ'हेअरला पाडलं ते पेनल्टी चौकटीच्या बाहेर, असं अजूनही म्हटलं जातं आणि मलाही तसंच दिसतं. शिल्टनला त्या स्पर्धेत खेळायची परवानगी नव्हती, म्हणून गोलात होता 18 वर्षांचा क्रिस वूड्स. या पोरानं फॉरेस्टसाठी लीगचा एकही सामना कधी खेळला नाही, पण कप जिंकून दिला. एफए कपमध्ये मात्र वेस्ट ब्रॉमनं उपांत्यपूर्व फेरीत त्यांना बाहेर काढलं.

आता लेस्टरशी तुलना. मजा अशी की कागदावर दोन्ही हंगाम जवळपास सारखेच आहेत. लेस्टरही तीनच सामने हरले. फॉरेस्टच्या विजयांना आजच्यासारखे तीन-तीन गुण दिले तर 89 होतात, लेस्टरचे 38 सामन्यांत 81. दोघांचीही सरासरी सामन्यामागे 2.1 गुण. मग मी फॉरेस्टला वर का धरतो? एक, ते थेट खालच्या श्रेणीतून आले होते. असं आधीही घडलंय, शेवटचं 1962 मध्ये इप्सविचनं केलं होतं, पण फॉरेस्टनंतर आजवर कुणालाच जमलेलं नाही. दोन, त्यांचा जोर एका वर्षात संपला नाही. नोव्हेंबर 1977 मध्ये लीड्सला हरल्यानंतर लीगमध्ये त्यांना पुन्हा हरवायला डिसेंबर 1978 उजाडला. सलग 42 सामने अपराजित. हा विक्रम मोडायला आर्सेनलला 2004 साल लागलं.

आणि युरोप. पुढच्याच हंगामात पहिल्या फेरीत गतविजेत्या लिव्हरपूलला बाहेर काढून फॉरेस्ट मे 1979 मध्ये युरोपियन कप जिंकले. माल्मोविरुद्धचा तो एकमेव गोल ट्रेव्हर फ्रान्सिसचा, क्रॉस रॉबर्टसनचा. 1980 मध्ये पुन्हा, यावेळी हॅम्बर्गविरुद्ध, गोल रॉबर्टसनचाच. देशाची लीग एकदा आणि युरोपियन कप दोनदा जिंकलेला असा दुसरा क्लब नाही. लेस्टरनंही नंतर 2021 मध्ये एफए कप घेतला, ते काही लेचेपेचे नव्हते. पण जेतेपदानंतरच्या वर्षी ते बाराव्या क्रमांकावर गेले आणि व्यवस्थापक क्लॉडिओ रानिएरीला हंगाम संपायच्या आधीच निरोप मिळाला.

पुन्हा घडेल का, यावर मी पैज लावणार नाही. फॉरेस्टनं शिल्टनला सप्टेंबरच्या मध्यात आणलं, कारण तेव्हा हंगाम सुरू झाल्यावरही मार्चपर्यंत खरेदी करता यायची. आज ऑगस्ट संपला की दुकान बंद, मग जानेवारीपर्यंत आहे त्यावर भागवा. पैशाची दरी तर विचारूच नका. 2023-24 मध्ये वर आलेले तिन्ही संघ त्याच वर्षी परत खाली गेले. 2024-25 मध्येही तिन्ही गेले, आणि त्यात एक स्वतः लेस्टर होतं. फॉरेस्ट 1999 मध्ये घसरले ते थेट 2022 मध्ये प्रीमियर लीगमध्ये परतले. आल्या आल्या वीसहून जास्त खेळाडू विकत घेतले, तरी पहिल्या वर्षी सोळावे. सातव्या क्रमांकापर्यंत यायला त्यांना तीन हंगाम लागले.